आयर्लंडच्या खेड्यात घडणारी रहस्यमालिका सुचवा

पानगळ:
नमस्कार. आयर्लंडच्या ग्रामीण भागात घडणारी एखादी गुन्हेविषयक मालिका कृपया सुचवावी. सासूबाईंबरोबर पाहायची असल्याने रक्तपात शक्यतो नको. गाव मात्र खरे वाटले पाहिजे. हिरवी कुरणे आणि मद्यालय दाखवून वेळ मारून नेलेली मालिका नको. भाग थोडके असल्यास उत्तम.

रात्रपाळी:
आपल्या अटी पाहता ‘होल्डिंग’ पाहावी. ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने २०२२ साली दाखवलेली ही चार भागांची मालिका ग्रॅहम नॉर्टन यांच्या कादंबरीवर आधारलेली असून दिग्दर्शन कॅथी बर्क यांचे आहे. नॉर्टन स्वतः आयर्लंडच्या नैऋत्येकडील वेस्ट कॉर्क भागात, बँडन येथे वाढले आणि कथेतील डुनीन हे काल्पनिक गावही त्याच भागातले. त्यामुळे गावाकडे पाहण्याची नजर पाहुण्याची वाटत नाही.

एका जुन्या शेतावर बांधकामासाठी खोदताना मानवी हाडे सापडतात आणि वीस वर्षांपूर्वी नाहीसा झालेल्या टॉमी बर्कचा विषय पुन्हा निघतो. गावचा सार्जंट पी. जे. कॉलिन्स हा लठ्ठ, भिडस्त, एकटा माणूस. मोठ्या गुन्ह्याचा तपास त्याने कधी केलेला नाही. त्यामुळे कॉर्क शहरातून पोलिसांचा तपास अधिकारी येतो, आणि खरी गंमत तिथे आहे. शहरातल्या अधिकाऱ्याला जे विचारून काढावे लागते, त्यातले बरेचसे सार्जंटला आधीपासून ठाऊक असते. पण ज्यांच्यात रोज वावरायचे त्यांनाच संशयित म्हणून प्रश्न विचारणे त्याच्या जिवावर येते. सार्जंटच्या भूमिकेत कॉनलेथ हिल यांनी हा संकोच फार संयमाने दाखवला आहे. टॉमीत जीव गुंतलेल्या दोन स्त्रिया, ब्रिड आणि एव्हलिन, यांच्यातली इतक्या वर्षांची अढीही उत्तम उतरली आहे. घरकाम पाहणाऱ्या वृद्ध बाईंच्या भूमिकेत ब्रेंडा फ्रिकर आहेत. त्यांच्याकडे विशेष लक्ष ठेवा, याहून अधिक सांगणे योग्य नाही. खुनाचे कोडे म्हणून मालिका बेताचीच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

टेकडीपलीकडे:
‘होल्डिंग’ला अनुमोदन. नेटफ्लिक्सवरील ‘बॉडकिन’ (२०२४, सात भाग) हिचेही कथानक वेस्ट कॉर्कमधलेच आहे, परंतु तिथे पॉडकास्ट करणारी मंडळी बाहेरून येऊन गावाची जुनी प्रकरणे उकरतात. विनोद मला आवडला. मात्र शिव्या इतक्या आहेत की सासूबाईंसमोर रिमोट हातातच धरून बसावे लागेल. क्लेअर परगण्याच्या किनाऱ्यावरची ‘स्मदर’ सभ्य आहे, पण ती एका श्रीमंत कुटुंबाची कथा आहे, गावाची नव्हे. शिवाय तिचे तीन हंगाम आहेत.

पानगळ:
दोघांचेही आभार. ‘होल्डिंग’मधले इंग्रजी उच्चार समजायला जड जातील का?

रात्रपाळी:
वेस्ट कॉर्कची बोली हेलकावे घेत, भरभर चालते आणि वाक्याचा शेवट पुष्कळदा गिळला जातो. इंग्रजी उपशीर्षके पहिल्या प्रसंगापासूनच सुरू ठेवावीत. पहिल्याच भागात बरीच माणसे एकदम भेटतात, म्हणून कोण कोणाचे कोण लागते हे सासूबाईंना मध्येच थांबवून सांगावे लागले, तरी हरकत नाही. पुढचे तीन भाग त्या नात्यांवरच उभे आहेत.

पानगळ:
मग शनिवारी ‘होल्डिंग’च लावते. ‘बॉडकिन’ सासूबाई गावी गेल्यावर पाहीन.