मदत हवी आहे: अलास्का क्रूझसाठी आईला व्हीलचेअर घ्यावी की स्कूटर? आणि कुठून?

नमस्कार मंडळी,

पुढच्या जुलैत आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे येताहेत. आम्ही सिॲटलजवळ बोथेलला राहतो, त्यामुळे सिॲटलहून सुटणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ करायचं घाटतंय. बुकिंग मात्र अडलंय. आईला कुठलं साधन लागेल हे ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय केबिन कुठली घ्यायची हे कळत नाही.

आईचं वय ६८. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय मांडीपासून लुळा पडला. तेव्हापासून कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) आणि उजव्या हातात कुबडी. याच जोरावर तिने शाळेत भूगोल शिकवला, दोन मजले चढून वर्गावर जायची. आता मात्र उजवा खांदा पार झिजलाय. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं अंगाचा भार एकाच खांद्यावर आला की असं होणारच, शिवाय पोलिओनंतर खूप वर्षांनी येणारा थकवा वेगळाच. घरात ती भिंतीला, टेबलाला धरत सगळं करते, स्वयंपाकसुद्धा. बाहेर पडलं की शंभर पावलांत दम संपतो. आणि जहाज म्हणजे हजार फुटांच्या आसपास लांब. केबिन एका टोकाला आणि जेवणाचा हॉल दुसऱ्या टोकाला असेल तर जेवायला पोहोचेपर्यंतच ती दमेल.

तिची अट एकच आहे: "मला ढकलत नेऊ नका." हिमनदी, हिमोढ, यू आकाराची दरी हे सगळं तिने आयुष्यभर फळ्यावर काढलं. ते बघायला कुणाची वाट न बघता आपलं आपण डेकवर जाता यावं आणि हवा तितका वेळ थांबता यावं, एवढंच तिला हवंय. मला ते कसंही करून जमवायचंय. म्हणून साधी, मागून ढकलायची व्हीलचेअर हा पर्याय मी धरतच नाहीये.

आता प्रश्न. बॅटरीची घडीची व्हीलचेअर बरी की तीन चाकांची स्कूटर? भारतातून घेऊन यावी की इथे भाड्याने मिळते? विमानात लिथियम बॅटरीचं काय? ट्रॅव्हल एजंट म्हणतो की ॲक्सेसिबल (अपंगांसाठी सोयीची) केबिन फक्त कायम व्हीलचेअरवर असणाऱ्यांना देतात आणि आई तर चालते. हे खरं आहे का? बंदरांवर उतरताना काय होतं? ज्यांनी घरच्या कुणाला असं नेलंय त्यांनी अगदी बारीकसारीकसुद्धा लिहा, मला सगळं उपयोगी आहे.

— बोथेलवासी

*

दर्यावर्दी:

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. टर्मिनलवर चढता-उतरताना जहाजाचे लोक व्हीलचेअर देतात, पण ती तेवढ्यापुरतीच. आठवडाभर वापरायला जहाजावरची खुर्ची मिळत नाही. "तिथे मिळेल हो" असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. आपलं साधन आपणच न्यायचं.

एजंटचं म्हणणं साफ चुकीचं आहे. आईंना साधन केबिनमध्ये ठेवावं लागणार आणि न्हाणीघरात धरायला दांडे लागणार, हे कारण पुरेसं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन या खटल्यात, परदेशी झेंड्याखालच्या जहाजांनाही अमेरिकेच्या पाण्यात अपंगांसाठीचा कायदा लागू होतो असा निकाल दिलाय. एजंटला बाजूला ठेवा आणि कंपनीच्या ॲक्सेसिबिलिटी विभागाशी थेट बोला. अशा केबिन मोजक्याच असतात आणि लवकर संपतात, तेव्हा हे याच आठवड्यात करा.

साध्या केबिनचं दार साधारण २२ ते २४ इंच असतं, ॲक्सेसिबल केबिनचं ३२ च्या आसपास. साध्या केबिनच्या न्हाणीघराला उंच उंबरा असतो, कॅलिपरचा पाय उचलून तो ओलांडणं रोजचीच डोकेदुखी होईल. खुर्ची किंवा स्कूटर बाहेर पॅसेजमध्ये ठेवू देत नाहीत, आग लागली तर तीच पळायची वाट असते. चार्जिंगही आतच. सर्ज प्रोटेक्टरवालं एक्स्टेन्शन नेऊ नका, काढून घेतात. पलंगाजवळ प्लग आहे का हे फोनवरच विचारा आणि नसला तर जहाजाकडूनच वायर मागा. शॉवरचं स्टूल, कमोडची उंच सीट हेही आधी कळवलं की बहुतेक ठिकाणी मिळतं.

भाड्याचं म्हणाल तर स्पेशल नीड्स ॲट सी, स्कूटअराउंड अशा कंपन्या साधन थेट केबिनमध्ये पोचवतात. पण तुम्ही सिॲटललाच राहता, तुम्ही तसं करू नका. गावातल्या दुकानातून क्रूझच्या पंधरा दिवस आधीच भाड्याने घ्या. आईंना पार्कात, मॉलमध्ये चालवू द्या. पहिल्यांदा हातात धरलेलं साधन भर गर्दीच्या लिफ्टमध्ये वळवणं सोपं नसतं.

*

कॅलिपरवाला_पुणे:

मी ऑर्थोटिस्ट आहे, म्हणजे कॅलिपरसारखी साधनं बनवतो-बसवतो, पोलिओचे पेशंट रोज बघतो. माझं मत स्पष्ट आहे: स्कूटर नको, जॉयस्टिकची (बोटांनी छोटी दांडी हलवून चालवायची) बॅटरीची खुर्ची घ्या.

स्कूटरचं हँडल धरायला दोन्ही हात पुढे ताणून धरावे लागतात. झिजलेल्या खांद्याला तासाभरात कळ लागते. खुर्चीत हात खुर्चीच्या हातावर टेकलेला राहतो, फक्त बोटं हलतात. आणि महत्त्वाचं म्हणजे जॉयस्टिक डाव्या बाजूला लावून मागा. बहुतेक खुर्च्यांना ती उजवीकडे लावलेली येते, पण बदलता येते. दुकानदार कंटाळा करेल, तुम्ही सोडू नका. खुर्ची जागच्या जागी वळते, स्कूटरला वळायला ऐसपैस जागा लागते. लिफ्टमध्ये हा फरक फार जाणवतो.

बसताना कॅलिपरच्या गुडघ्याची कडी वर ओढून पाय दुमडायचा आणि पाय पायपट्टीवर ठेवूनच खुर्ची हलवायची. बूट पट्टीवरून घसरत असेल तर टाचेमागे एक वेल्क्रोचा पट्टा लावून घ्या. निघण्याआधी कॅलिपर एकदा कारागिराला दाखवा: स्क्रू, रिव्हेट, चामड्याचे पट्टे, सगळं. पट्ट्याचा एक जोड आणि छोटा स्क्रू-ड्रायव्हर बॅगेत असू द्या, पण चेक-इनच्या बॅगेत. कुबडीखालचं रबर उलटं करून बघा, एका बाजूने तिरकं झिजलेलं असेल. नवं घाला आणि दोन जास्तीची बरोबर ठेवा. ओल्या डेकवर झिजलेलं रबर साबणासारखं सरकतं.

भारतातूनच खुर्ची न्यायची झाली तर बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करा. २४ गुणिले १२ म्हणजे २८८ वॉट-अवर. काढता येणारी एक लिथियम बॅटरी विमानात ३०० वॉट-अवरपर्यंत नेता येते, दोन असतील तर प्रत्येकी १६०. ती काढून विमानाच्या केबिनमध्ये हातात न्यायची, सामानात नाही. खुर्ची विमानाने नेण्याचे जादा पैसे लागत नाहीत, पण एअरलाइनला निदान ४८ तास आधी कळवून लेखी होकार घ्या. तरीही माझा सल्ला तिथेच भाड्याने घेण्याचा. मधल्या विमानतळावर खुर्ची मोडली तर सगळी सहल तिथेच बसते.

*

टाकोमाकर:

सासूबाईंना घेऊन हीच क्रूझ केली आहे, त्यामुळे बंदरांचं सांगतो.

जुनो, स्कॅगवे, केचिकान इथे बहुतेक जहाजं धक्क्याला लागतात, छोट्या बोटीत उतरावं लागत नाही. तरी तुमच्या मार्गात "टेंडर" (म्हणजे छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेणं) हा शब्द कुठे आहे का ते बघा. असेल तर त्या दिवशी आईंनी जहाजावर राहायची मनाची तयारी ठेवा, कारण समुद्र हलत असेल तर खलाशी चाकाचं साधन घेत नाहीत. तिकडे भरती-ओहोटीतला फरक २० फुटांच्या वरही जातो. त्यामुळे सकाळी सपाट वाटलेला उताराचा पूल दुपारी चांगलाच तिरका होतो. उतरायची-चढायची वेळ जहाजावरच्या माणसांना विचारून ठरवा.

स्कॅगवेची व्हाइट पास रेल्वे जरूर करा, लिफ्ट असलेला डबा मिळतो पण आधी सांगावं लागतं. जुनोला मेंडेनहॉल हिमनदीसमोर फोटो पॉइंटची पायवाट पक्की आणि सपाट आहे. तिथवर जाणारी बस मात्र लिफ्टवाली हवी, हे बुक करताना लेखी घ्या. केचिकानला काही जहाजं गावाबाहेर वॉर्ड कोव्हला लागतात, तिथेही बसचा तोच प्रश्न. शिवाय केचिकानला वर्षाला १५० इंचांच्या आसपास पाऊस पडतो. जॉयस्टिकवर प्लास्टिकची पिशवी बांधा, पाणी आत गेलं की खुर्ची बंद.

आई भूगोलाच्या बाई आहेत म्हणून एक आग्रह: ग्लेशियर बे (हिमनद्यांची खाडी, तिथलं राष्ट्रीय उद्यान) असलेलाच मार्ग घ्या. तिथे उतरायचं नसतंच. पार्कचे रेंजर जहाजावर येऊन माहिती देतात आणि जहाज मार्जरी हिमनदीसमोर हळूहळू वळतं, दोन्ही बाजूंना दिसतं. १७९४ मध्ये ही जवळजवळ सगळी खाडी बर्फाखाली होती, आज बर्फ ६५ मैल मागे सरकलाय. बाईंना याहून चांगला फळा मिळायचा नाही. डेकची बाहेरची दारं जड असतात, कुठली आपोआप उघडतात ते पहिल्याच दिवशी त्यांच्याबरोबर फिरून बघून ठेवा.

आणि कॅनडाचा व्हिसा! सिॲटलहून निघणारी जहाजं परतताना बहुधा व्हिक्टोरियाला थांबतात. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडाचा वेगळा लागतो. त्या व्हिसासाठीचे बोटांचे ठसे आई-बाबांना भारतातच देऊन टाकू द्या.

*

बोथेलवासी:

किती किती आभार मानू! जॉयस्टिक डावीकडे हे मला कधीच सुचलं नसतं. आईला फोनवर सांगितलं, तर तिने आधी ग्लेशियर बेबद्दलच विचारलं आणि मग म्हणाली, "डाव्या हाताने मी फळा पुसायची, खुर्चीही चालवेन." कंपनीच्या ॲक्सेसिबिलिटी विभागाशी बोलले. केबिन शिल्लक आहे, पण लिफ्टपासून लांब. दुसरी लिफ्टजवळची आहे, पण तिला खिडकी नाही. आईला खिडकी हवी असं मला वाटतं, बाबांना लिफ्टजवळची. खुर्चीच्या बॅटरीवर दिवसभराची ये-जा निघते का? कुणाला अनुभव असेल तर उद्यापर्यंत सांगा, केबिन तेवढाच वेळ धरून ठेवलीय.