टेकडीवर सायकल नेणाऱ्या मुलांना चष्मा कुठला घ्यायचा?

प्राची (बी-६०२): नमस्कार. सकाळपासून बरेच फोन आले, म्हणून इथेच लिहिते. आज टेकडीवरून सायकलवर खाली येताना ईशानच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. बरोबरच्या मुलांनी बाटलीतलं पाणी मारलं, तरी निघेना. रविवार असूनही मृणालताईंनी दवाखाना उघडून बघितलं. वरच्या पापणीच्या आत अडकलं होतं, बुबुळावर ओरखडा आहे. आता त्याला बरं वाटतंय, झोपलाय.

प्राची (बी-६०२): एक गोष्ट मनातून जात नाही. गॉगल होता त्याच्याकडे, चांगला काळा. पण झाडीत शिरल्यावर दिसेना म्हणून त्याने काढून खिशात ठेवला, आणि कुसळ गेलं ते नेमकं झाडीतच. आपल्या सोसायटीतली आठ-दहा मुलं दर रविवारी वर जातात. त्यांना घालून ठेवता येईल आणि खिशाला परवडेल असा चष्मा कुठला? जाणकारांनी सांगा.

शिंदे काकू (बी-२०१): अगं बाई! काळजी घ्या. पट्टी बांधली का डोळ्यावर?

डॉ. मृणाल (ए-७०१): नाही काकू, मुद्दामच नाही बांधली. गवत, फांदी, काटा यांनी झालेल्या ओरखड्यावर पट्टी बांधायची नसते. आत ऊब आणि ओल राहते, जंतूंना तेच हवं असतं. थेंब दिलेत, मंगळवारी परत बघेन.

डॉ. मृणाल (ए-७०१): विषय निघालाच आहे तर सगळ्यांनी हे वाचा. डोळ्यात काही गेलं तर चोळायचं नाही. स्वच्छ पाण्याने भरपूर धुवायचं, पापण्यांची उघडझाप करायची. तरी टोचत असेल तर रुमालाच्या टोकाने किंवा कापसाने काढायला जाऊ नका. मध, गुलाबपाणी, एरंडेल, यातलं काहीही घालू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे औषधाच्या दुकानातून "डोळा लाल झालाय, थेंब द्या" असं सांगून थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असू शकतं. झाडपाल्याच्या जखमेतून डोळ्यात बुरशी शिरू शकते, आणि स्टेरॉइडने ती फोफावते. दोन दिवस बरं वाटतं, मग बुबुळावर पांढरा डाग दिसतो. शेतातून आलेले असे पेशंट मी बघितलेत, कापणीच्या दिवसांत जास्त. काहींची नजर परत आली नाही.

समीर (सी-१०२): बापरे. एवढं गंभीर असेल असं वाटलं नव्हतं.

ओंकार (सी-४०४): वहिनी, ईशानची काही चूक नाही. काळा गॉगल झाडीत कुणीही काढतोच. मी सात वर्षं टेकडीवर सायकल चालवतोय, माझंही तेच व्हायचं. उघड्यावर लख्ख ऊन, दहा मीटरवर गिरिपुष्पाची दाट सावली, परत ऊन. त्यात काळ्या काचेतून दगड दिसत नाही, मुळी दिसत नाही. म्हणून मुलांसाठी मी एकच सांगेन: पांढरी, म्हणजे पारदर्शक काच. ती काढावीशीच वाटत नाही.

शिंदे काकू (बी-२०१): पण पारदर्शक काचेने उन्हापासून काय रक्षण होणार?

बापट काका (ए-१०३): काकू, होतं. थोडं सविस्तर लिहितो, कारण भोसरीच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं सेफ्टी विभागात काढली. ग्राइंडरवर बसणाऱ्या प्रत्येक माणसाला चष्मा घालायला लावणं हे माझं काम होतं. ज्यांनी नाही घातला त्यांच्या डोळ्यातले लोखंडाचे कण काढताना मी शेजारी उभा राहिलोय. त्यामुळे या विषयावर मला राहवत नाही.

बापट काका (ए-१०३): काळेपणा वेगळा आणि अतिनील किरण अडवणं वेगळं. सेफ्टी चष्म्याची काच ही काच नसते, पॉलीकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. ते पाण्यासारखं पारदर्शक असलं तरी बहुतेक सगळे अतिनील किरण मुळातच अडवतं. म्हणून कारखान्यातला शंभर-दीडशे रुपयांचा पांढरा चष्मा त्या बाबतीत कमी पडत नाही.

डॉ. मृणाल (ए-७०१): काका बरोबर सांगतायत. उलट अतिनील न अडवणारा स्वस्त काळा गॉगल जास्त वाईट. अंधार वाटतो म्हणून बाहुली मोठी होते आणि आत जास्त किरण जातात. ईशानचा गॉगल कुठून घेतला होता?

प्राची (बी-६०२): सिग्नलवरून. स्टिकर होतं त्याच्यावर यूव्ही ४००, म्हणजे अतिनील किरण अडवतो असं.

डॉ. मृणाल (ए-७०१): स्टिकर कुणीही छापू शकतं. चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत तपासायचं छोटं यंत्र असतं, मिनिटभराचं काम आहे. तपासून घ्या, मग ठरवा.

बापट काका (ए-१०३): आता मुख्य मुद्दा, मार. खडा उडून आला, फांदी आपटली किंवा मूल तोंडावर पडलं तर चष्म्याचे तुकडे डोळ्यात जाता कामा नयेत आणि काच फ्रेममधून सुटता कामा नये. याची परीक्षा असते. अमेरिकन मानकाचं नाव झेड८७. पुढे अधिकचं चिन्ह असेल तर तो चष्मा जोरदार माऱ्याच्या परीक्षेत उतरलेला असतो. पाव इंची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने, म्हणजे ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास, काचेवर मारतात. शिवाय अर्धा किलोचं टोकदार वजन ५० इंचांवरून सोडतात. युरोपचं जुनं मानक ईएन १६६. त्यात एफ हे अक्षर असेल तर ६ मिलिमीटरची गोळी ४५ मीटरच्या वेगाने मारलेली असते. आपल्याकडचं आयएस ५९८३. ही अक्षरं काचेच्या कोपऱ्यात आणि दांडीच्या आतल्या बाजूला बारीक कोरलेली असतात. खोक्यावर नाही, चष्म्यावर शोधा.

समीर (सी-१०२): म्हणजे दोन-तीन हजारांच्या सायकलिंगच्या गॉगलपेक्षा हा दीडशेचा भारी?

बापट काका (ए-१०३): माराच्या बाबतीत, छाप असलेला दीडशेचा चष्मा छाप नसलेल्या महागड्यापेक्षा मला जास्त विश्वासाचा वाटतो. महागड्यांतही चांगले असतात, ते वजनाला हलके, हवा खेळणारे, दिसायला छान. पण पैसे कशाचे देतोय ते कळलं पाहिजे.

ओंकार (सी-४०४): मी दोन्ही वापरलेत. चार हजारांचा माझा तिसऱ्याच महिन्यात पडला, दगडावर घासला, संपला. त्यानंतर गेली दोन वर्षं १८० रुपयांचा सेफ्टी चष्मा वापरतोय, हार्डवेअरच्या दुकानातला. गेल्या थंडीत बाभळीची फांदी सपकन तोंडावर आली. गालावर काटा ओढला गेला, त्याचा व्रण अजून आहे. चष्म्यावर तीन इंचांची रेघ उठली. त्याच दिवशी नवीन आणला.

बापट काका (ए-१०३): शाबास. मार खाल्लेला चष्मा परत वापरायचा नाही, हे माझी माणसं शेवटपर्यंत ऐकायची नाहीत.

ओंकार (सी-४०४): पण काका, या चष्म्यांच्या दोन अडचणी आहेत, त्या आधीच सांगायला हव्यात. एक म्हणजे वाफ. चढावर वेग कमी, अंगात घाम, काच धुरकट होते. मग मुलं वैतागून काढतात आणि परत घालायला विसरतात. त्यासाठी वाफ न धरणारा लेप असलेला चष्मा मागायचा, तीस-चाळीस रुपये जास्त जातात. काच गालाला आणि भुवईला चिकटून नको, करंगळीच्या नखाएवढी फट हवी, हवा खेळते. मात्र फट त्याहून मोठी नको, नाहीतर कुसळ तिथूनच शिरेल. चढावर हवं तर काढा आणि हेल्मेटच्या भोकांत अडकवा. पण माथ्यावर थांबून घालायचा आणि मगच ब्रेक सोडायचा. आमच्या ग्रुपमध्ये हे एकमेकांना विचारूनच उतरायला लागतो.

ओंकार (सी-४०४): दुसरी अडचण माप. हे चष्मे मोठ्या माणसांच्या चेहऱ्याच्या मापाने बनतात, बारा-तेरा वर्षांच्या मुलांना रुंद होतात. लहान मापाचे मिळतात, मागावे लागतात. घालून मान जोरात हलवायची, खाली वाकायचं, उडी मारायची. घसरला तर नाही घ्यायचा. आणि हे सगळं हेल्मेट घालून करायचं, कारण दांडी हेल्मेटच्या मागच्या पट्ट्यात अडकते. दांड्या हेल्मेटच्या पट्ट्यांच्या बाहेरून घ्यायच्या. पडल्यावर चष्मा सुटून बाजूला जातो, तोंडावर दाबला जात नाही.

शिंदे काकू (बी-२०१): आमच्या आर्याला पण जायचं असतं, मी पाठवत नव्हते. एवढं सगळं करून पाठवायचं का?

ओंकार (सी-४०४): पाठवा काकू. चालणाऱ्यांच्या वाटेवर हळू जायचं आणि घंटी वाजवायची एवढं पाळलं की टेकडीसारखी जागा नाही. पहाटे मोर दिसतात.

समीर (सी-१०२): आमच्या रेवाला अडीच नंबर आहे. तिचा रोजचा चष्मा असतोच डोळ्यावर. तो पुरेसा आहे ना?

डॉ. मृणाल (ए-७०१): नाही. रोजच्या फ्रेमच्या बाजू उघड्या असतात, वारा आणि कचरा बाजूनेच येतो. काच मागच्या बाजूला निसटून डोळ्यावर येऊ शकते. आणि नंबरच्या बऱ्याचशा चष्म्यांत सीआर-३९ नावाचं प्लास्टिक असतं, ते आपटल्यावर फुटतं. दुकानदार त्यालाही अनब्रेकेबल म्हणतात. पॉलीकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स (तेही तसंच मजबूत प्लास्टिक) असं स्पष्ट मागा आणि बिलावर लिहून घ्या.

बापट काका (ए-१०३): स्वस्तातला मार्ग, चष्म्यावरून घालायचा मोठा सेफ्टी चष्मा. पाहुण्यांना कारखाना दाखवताना आम्ही तोच द्यायचो. दोन-अडीचशेपर्यंत मिळतो. थोडा जड लागतो आणि दोन काचांमध्ये वाफ धरते, पण चालून जातो.

डॉ. मृणाल (ए-७०१): रेवाचा नंबर अजून बदलतोय, सहा महिन्यांनी परत काच बदलावी लागेल. त्यामुळे सध्या काका म्हणतात तोच मार्ग बरा. नंबर स्थिरावला की नंबरच्या काचेचा खेळाचा चष्मा करून घ्या, मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेला.

समीर (सी-१०२): धन्यवाद ताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. पोलराइज्ड घ्यावा का? माझ्यासाठी विचारतोय, मी रस्त्यावरच चालवतो जास्त.

ओंकार (सी-४०४): डांबरी रस्त्यावर भर उन्हात छान. टेकडीवर मला नाही आवडत. ओल्या दगडाची चमक दिसली की कळतं इथे घसरणार, पोलराइज्डमध्ये ती चमकच जाते. रस्त्यासाठी गडद घ्यायचा तर दांडीच्या आत गडदपणाचा ० (पारदर्शक) ते ४ (सगळ्यात गडद) मधला आकडा बघा. ३ म्हणजे ८ ते १८ टक्के उजेड आत येतो, कडक उन्हाला ठीक. ४ घेऊन गाडी चालवायची नसते. टेकडीवर ० किंवा १. संध्याकाळी सहानंतर फक्त ०, चिलटं तेव्हाच तर असतात.

प्राची (बी-६०२): पिवळ्या काचेचं काय? ईशान तेच मागतोय, मित्राकडे आहे म्हणून.

ओंकार (सी-४०४): ढगाळ हवेत खाचखळगे जरा उठून दिसतात. मला स्वतःला आवडतो. दिवसा वापरू दे, किंमत पांढऱ्याइतकीच असते. अंधार पडल्यावर मात्र पांढराच.

बापट काका (ए-१०३): पुसण्याबद्दल. पॉलीकार्बोनेट सहजी फुटत नाही पण चरे फार लवकर पडतात. टेकडीची धूळ म्हणजे बारीक दगडच. टी-शर्टने कोरडा पुसला की संपला. आधी नळाखाली धरायचा, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटाने फिरवायचा, धुवायचा, मग मऊ फडक्याने टिपायचा. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर असलं काही लावलं तर प्लास्टिकला तडे जातात. दप्तरात सुटा टाकायचा नाही, जुना मोजा पुरतो.

शिंदे काकू (बी-२०१): मिळतात कुठे हे? ऑनलाइन मागवू का?

बापट काका (ए-१०३): ऑनलाइन छाप हातात घेऊन बघता येत नाही. रविवार पेठेत बोहरी आळीत सेफ्टीच्या सामानाची दुकानं आहेत. मी शुक्रवारी जाणार आहे. लहान मापाचे पाच-सहा, चष्म्यावरून घालायचे दोन आणि नेहमीचे काही, असे नमुने आणतो. न बसणारे परत घ्यायचं दुकानदाराशी आधीच ठरवून घेतो. डझनाने घेतले तर भावही कमी करतात. ज्यांना हवेत त्यांनी फ्लॅट नंबर आणि मुलाचं वय टाका. पैसे नंतर.

समीर (सी-१०२): सी-१०२. रेवा, १२. चष्म्यावरून घालायचा. माझ्यासाठी एक नेहमीचा.

ओंकार (सी-४०४): सी-४०४, मला एक पांढरा जादा. आणि काका, मी येतो तुमच्याबरोबर. तिकडे गाडी लावायला जागा नसते, माझ्या स्कूटरवर जाऊ.

शिंदे काकू (बी-२०१): बी-२०१. आर्या, ११. पांढरा.

प्राची (बी-६०२): बी-६०२. ईशान, १३. एक पांढरा, एक पिवळा.

बापट काका (ए-१०३): शनिवारी संध्याकाळी सहा वाजता सगळ्या मुलांना क्लबहाउसपाशी पाठवा. हेल्मेट घेऊन. हेल्मेटशिवाय माप घेणार नाही.

डॉ. मृणाल (ए-७०१): प्राची, मंगळवारी शाळेआधी साडेसातला आण त्याला. तोपर्यंत उन्हात, धुळीत नको, सायकल तर नकोच. रात्रीतून दुखणं वाढलं किंवा उजेड सहन होईना झाला तर मंगळवारची वाट बघू नकोस, कितीही वाजले असले तरी बेल वाजव.

(मंगळवार)

प्राची (बी-६०२): ताईंनी आत्ताच बघितलं. ओरखडा जवळजवळ भरलाय. थेंब अजून पाच दिवस, या रविवारी टेकडी नाही. पण शनिवारी मापाला तो येतोय. हेल्मेट आत्तापासूनच दाराशी काढून ठेवलंय.