फिनिक्स मिलचा मॉल झाला. मग जमिनीच्या वाटपाचे काय झाले?

परळ_पाहुणा विचारतात:
गेल्या रविवारी मुलीला घेऊन लोअर परळच्या फिनिक्स पॅलेडियममध्ये गेलो होतो. दुकानांच्या गर्दीत उभी असलेली उंच चिमणी पाहून ‘ही इथे कशाला?’ असे तिने विचारले आणि येथे पूर्वी कापडाची गिरणी होती, यापलीकडे मला काहीच सांगता आले नाही. १९०५ साली स्थापन झालेल्या गिरणीचा मॉल कसा झाला आणि गिरण्यांच्या जमिनीतून शहराला मोकळी जागा व घरे देण्याचा जो नियम होता, त्याचे पुढे काय झाले, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुने_नकाशे:
आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेला मैदाने व उद्यानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. मात्र हे वाटप मोकळ्या जमिनीला आणि शिल्लक चटईक्षेत्राला (म्हणजे परवानगी असूनही न वापरलेल्या बांधकामाला) लागू होते. उभ्या बांधकामाचा वापर बदलून तेथे व्यापार सुरू करण्यास त्याच नियमात वाव होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फिनिक्सच्या आवारात बोलिंगचे केंद्र आणि पाठोपाठ दुकाने आली, ती याच काळात. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा सुचवला होता, पण तो अंमलात आला नाही.

खरा घाव २००१ च्या दुरुस्तीने घातला. इमारत पाडल्यावर तिच्याखालची जमीन ‘मोकळी’ मानायची नाही, मूळचीच रिकामी असलेली तेवढी वाटून द्यायची, असा अर्थ तीमुळे लागू झाला. गिरणीचे आवार शेड, गोदामे आणि खात्यांनी भरलेले असते. त्यात मूळची रिकामी जागा ती किती असणार? २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल शहराच्या बाजूने लागला, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून दुरुस्ती कायम ठेवली. सुमारे ६०० एकर गिरणी जमिनीतून मुंबईला जे मिळू शकले असते, ते त्या एका शब्दाच्या व्याख्येत गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

साचेवाल्याची_लेक:
वरील माहिती अचूक आहे, पण नियमांच्या आधी माणसे गेली, हेही सांगायला हवे. माझे वडील जवळच्याच एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या मागांवर होते. पाळी संपवून घरी आले की त्यांच्या भुवयांवर कापसाची तूस पांढरी बसलेली असे आणि साच्यांच्या खडखडाटाने कान बधिर झाल्यामुळे ते घरातही मोठ्यानेच बोलत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आमच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडे त्या दोन वर्षांत रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे परतली, आईने खानावळ चालवली, आणि वडिलांना गिरणीने पुन्हा कामावर घेतले नाही. म्हणूनच केवळ चिमणी राखून इतिहास जपला, असे कोणी म्हणाले की मला ते पटत नाही. ज्या खात्यांत माणसे राबली, त्यांची नावे सांगणारी एखादी पाटी तरी तिच्या पायथ्याशी असावी, असे मनापासून वाटते.

जुने_नकाशे:
ताईंचे म्हणणे मला मान्य आहे. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली, म्हणजे संपानंतर तब्बल तीस वर्षांनी. तोवर अनेक घरांत अर्ज भरायला वारसच उरले होते.

परळ_पाहुणा:
दोघांचेही मनापासून आभार. मुलीला पुन्हा तेथे नेऊन हे सर्व त्या चिमणीपाशीच सांगणार आहे. ताई, गिरणीचा भोंगा दिवसातून किती वेळा होत असे?

साचेवाल्याची_लेक:
पाळ्या तीन होत्या. पहिली सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला आणि तिसरी रात्री बाराला सुरू होई. सकाळच्या पाळीसाठी सातच्या आधीही भोंगा होई आणि आमच्या चाळीत त्याच भोंग्यावर चुली पेटत.