एमजीबीला ५डब्ल्यू-३० नकोच

तुमची गाडी १९७३ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आणि गॅरेजवाला म्हणतो ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक हे पातळ इंजिन ऑइल टाका. नका टाकू हो! १७९८ सीसीचं ते जुनं इंजिन सैल मापांचं, म्हणजे भागांमधली फट जास्त. त्याला २०डब्ल्यू-५० हे जाड मिनरल तेलच मानवतं. पातळ तेल क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून ठिबकेल आणि इंजिन गरम झालं की तेलाचं प्रेशर कमी होईल. शिवाय याचे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे दट्टे) सपाट, कॅमवर घासत चालणारे. त्यांना झिंक-फॉस्फरसचं (झेडडीडीपी, तेलातलं झीज रोखणारं रसायन) कवच लागतं, आणि नव्या ५डब्ल्यू-३० तेलांत धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपायी तेच कमी केलेलं असतं. म्हणून डब्यावर क्लासिक गाड्यांसाठी असं लिहिलेलं बघून घ्या.

आता तेलाच्या फिल्टरबद्दल. तुमच्या इंजिनावर तो उलटा, तोंड खाली करून बसतो. आत अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह (तेल परत खाली जाऊ न देणारी झडप) नसेल तर रात्रभरात रिकामा होतो. मी एकदा स्वस्तातला लावला होता; रोज सकाळी चार-पाच सेकंद नुसता खडखडाट, प्रेशरचा काटा शून्यावर. सिलिकॉन व्हॉल्व्हवाला घेतल्यावर आवाज बंद. काढताना खाली जुना टॉवेल धरा, नाहीतर सगळं तेल डायनॅमो-बिनॅमोवर... म्हणजे तुमच्या गाडीत अल्टरनेटरवर.