चिखलदऱ्याच्या जुन्या बंगल्यांची सोसायटी: वारस वाढले, पाणी कमी, आता मत कोणाचं धरायचं?

धरमपेठकर:
नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय पण पूर्ण वाचा प्लीज. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या नागपूर-अमरावतीच्या काही कुटुंबांनी मिळून चिखलदऱ्याला जागा घेतली, दगडी भिंतींचे, कवेलूच्या (कौलांच्या) छपराचे छोटे छोटे बंगले बांधले आणि हाउसिंग सोसायटी रजिस्टर केली. विहीर एक, टाकी एक, आतला रस्ता एक, चौकीदार एक. तेव्हा सगळे मे महिन्यात सोबतच जायचे त्यामुळे वाद झाला तरी तिथेच मिटायचा. आता तिसरी पिढी आहे. एका बंगल्याला सात वारस, काही पुण्यात, काही देशाबाहेर, आणि आमसभेत प्रत्येकजण म्हणतो मला मत पाहिजे. दुसरीकडे दोन बंगले शनिवार-रविवारी अ‍ॅपवरून भाड्याने जातात, रात्रीची पंधरा-पंधरा माणसं, आणि उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की टँकरचा खर्च मात्र सगळ्यांवर सारखा. जे फारसे जातच नाहीत ते म्हणतात आम्ही कशाला भरायचं. वर्गणी थकली, कवेलू फुटले, आणि आता एक गट म्हणतो बिल्डरला देऊन टाका. मला ते होऊ द्यायचं नाहीये. मत कोणाचं, पाण्याचे पैसे कसे वाटायचे आणि भाड्याने देणं बंद करता येतं का, कोणाला अनुभव असेल तर सांगा.

लक्ष्मीनगरचे_काका:
सोसायटीचं सचिवपद बरीच वर्षं सांभाळलंय म्हणून लिहितो. आधी कपाटातून शेअर सर्टिफिकेट बाहेर काढा, कोणाच्या नावावर आहे ते बघा, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 प्रमाणे एक सभासद एक मत, आणि शेअर जॉइंट असेल तर ज्याचं नाव पहिलं त्याचं मत, तो आला नाही तर दुसऱ्याचं. सात वारस म्हणजे सात मतं असं कधीच होत नाही. मूळ सभासद गेले असतील तर नॉमिनेशन शोधा. नॉमिनी हा मालक नाही हे मात्र घरच्यांना नीट समजावून सांगा, मालकी वारसा कायद्याने ठरते, सोसायटीला फक्त समोर एक नाव लागतं. 2019 च्या दुरुस्तीत यासाठीच तात्पुरत्या सभासदाची सोय केलीय, वारस ठरेपर्यंत नॉमिनी त्या नात्याने राहतो. माझ्या मते हे सर्वात मोठं काम आहे आणि ते सभेत होत नाही, एकेका घरी जाऊन बसावं लागतं.

पाण्याचं म्हणाल तर आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, सेवाशुल्क सगळ्यांना सारखं असतं पण पाणी नळ किती आणि केवढ्या इंचाचे त्यावर वाटायचं असतं. म्हणजे टँकरचा खर्च सारखा वाटणं हे मुळात तुमच्याच नियमाच्या बाहेर असू शकतं, स्वतःच्या उपविधी वाचा. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या बांधकामासाठीची साठवण) 0.25 टक्के, हे कधी जमाच केलं नसेल तर कवेलू फुटणारच.

भाड्याने देऊच नका असं सोसायटीला म्हणता येत नाही. बिनवहिवाट शुल्क, म्हणजे स्वतः न राहता भाड्याने देणाऱ्याकडून घ्यायचं जादा शुल्क, लावता येतं पण ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर नाही, तेवढ्याने काही कोणी थांबणार नाही. पण राहायचं घर म्हणून दिलेल्या जागेवर लॉज चालवणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे ठराव करून अडवता येतं.

सॅक्रामेंटोतला_नागपूरकर:
वाचून राहवलं नाही. इकडे कॅलिफोर्नियात एका मित्राच्या सासरचं ताहो तळ्याच्या बाजूला डोंगरात लाकडी केबिन आहे, तिथल्या असोसिएशनचं काम मी जवळून बघितलंय. इथे जंगलखात्याच्या जमिनीवर असे जुने केबिन आहेत, 1915 च्या कायद्यापासूनची ही पद्धत, जमीन सरकारची, घर तुमचं, परवाना 20 वर्षांचा आणि तिथे कायमचं राहायचं नाही. आणि वारसांचा तुमचा जो प्रश्न आहे ना तो इथे नियमानेच तोडलाय, परवाना एका माणसाच्या किंवा नवरा-बायकोच्या नावावर, नाहीतर ट्रस्टच्या, सात भावंडांच्या नावावर नाहीच. घरात आपसात काय करायचं ते करा, जंगलखात्याला आणि असोसिएशनला एकच माणूस उत्तर देणार. भाड्याने द्यायचं तरी जंगलखात्याची लेखी परवानगी लागते.

मला सगळ्यात आवडलं ते कामाचे दिवस. बर्फ वितळला की सगळे केबिनवाले एका वीकेंडला येतात, पाइपलाइन सुरू करतात, रस्त्यावर पडलेली झाडं हटवतात, आणि थंडीच्या आधी परत एकदा येऊन पाइपातलं पाणी काढून टाकतात कारण गोठलं की पाइप फुटतो. वर्गणीवरून कुरकुर करणारा माणूस पण फावडं घेऊन उभा असतो. आपल्याकडे बर्फ नाही पण मृगाच्या आधीचं काम आहेच की.

परतवाडा_वायरमन:
मी तुमच्यासारख्या बंगल्यायची लाइटची कामं करतो. भाऊ, सभा तुम्ही नागपुरात घेऊन राहिले अन् विहीर आहे चिखलदऱ्याले, तिथंच सगळं बिघडते. वर्षातून एक सभा वरतं घ्या, मे मध्ये, जेव्हा पाणी खरंच नसते, मग कोणालेच समजवावं लागत नाही. जागा 1,100 मीटरच्या वरतं, पावसाळ्यात धो धो पडते पण खाली काळा पत्थर, पाणी मुरत नाही, वाहून जाते. छपराचं पाणी टाकीत उतरवा, विहिरीतला गाळ काढा, टँकर अर्धे कमी होईन.

अन् चौकीदाराचं कोणीच लिहिलं नाही. ह्या बंगल्यायवर जास्त करून इथलं कोरकू आदिवासी कुटुंब राहते, माणूस राखण करते, बाई साफसफाई करते, पोरगं पंप सुरू करते, अन् पगार मिळते एकाचा, तोही चार मालक उशिरा देते. पाहुणे आले का रात्री दोन वाजता त्यालेच उठवते. सोसायटीनं दर महिन्याले बँकेतून पगार द्यावा, बाईचा वेगळा, त्याची खोली पहिले गळायची थांबवा मग तुमचे कवेलू फेरा. तो माणूस गेला तर तुमचे बंगले दोन पावसाळे टिकत नाही, मी उघडे पडलेले पायलेत.

धरमपेठकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. वायरमन भाऊ, चौकीदाराच्या पगाराचं खरं आहे, आमच्याकडेही तसंच चालतं आणि हे बदलायलाच पाहिजे. सभा वरच घ्यायचं सुचवतो. काका, नोटीस किती दिवस आधी द्यावी लागते आणि कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) झालाच नाही तर काय?

लक्ष्मीनगरचे_काका:
वार्षिक सभेला पूर्ण 14 दिवसांची नोटीस, विषयपत्रिकेसकट, आणि वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायलाच हवी. मे मधली घ्यायची असेल तर तोवर मागच्या वर्षाचे हिशेब तयार हवेत, ऑडिटरला आत्ताच गाठा, नाहीतर मे मध्ये विशेष सभा घ्या. कोरमचा आकडा तुमच्या उपविधीत असेल, वार्षिक सभेला तो नाही झाला तर अर्धा तास थांबून तहकूब सभा घेता येते पण तसं नोटिशीत आधीच लिहा. विषयपत्रिकेत पहिला विषय पाणी ठेवा, दुसरा चौकीदाराचा पगार, बिल्डरचा विषय कोणी आणलाच तर शेवटी. आणि इतिवृत्त त्याच दिवशी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, घरी नेऊ नका वही.