नवशिक्या वेल्डरला दारातूनच परत का पाठवता?

सत्तरीकर: मुलगा आयटीआयतून वेल्डर झाला. चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यापासून पिसुर्ले, कुंडई, वेर्णा या गोव्यातल्या औद्योगिक वसाहती पालथ्या घातल्या. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, "अनुभव किती?" कोणी कामच दिले नाही तर अनुभव येणार कुठून? माझे म्हणणे साधे आहे. कागद बाजूला ठेवा, दोन लोखंडी पट्ट्या द्या, जोडून घ्या आणि वाकवून बघा. चीर गेली तर आम्ही गुमान घरी जातो.

शेडवाला, कुंडई: सपाट पट्टी सगळेच जोडतात. आमच्या वेल्डिंग शेडचे काम उभ्या जॉइंटचे आणि डोक्यावरचे. तिथे वितळलेले लोखंड खाली ओघळते. वेल्डिंग रॉडचे टोक किती जवळ धरायचे हे हातात बसायला महिने जातात. आत स्लॅग, म्हणजे वेल्डिंगचा मळ, राहिला तर सगळा जॉइंट घासून काढून परत भरावा लागतो, दिवस गेला! म्हणून माझ्याकडे आधी सहा महिने हेल्पर. यात अन्याय काय?

फोंड्याची ताई: सहा महिने बोलायचे, प्रत्यक्षात तीन वर्षे होतात. माझा भाऊ एका शेडमध्ये नुसता ग्राइंडर मारत होता. जेवणाच्या सुट्टीत भंगारातल्या पट्ट्यांवर हात बसवायचा, तर संध्याकाळी मालक उरलेले रॉड मोजायचा. शेवटी त्याने धंदाच सोडला. हेल्पर ठेवा, पण होल्डर, म्हणजे रॉड धरायचा चिमटा, कधी हातात देणार ते पहिल्या दिवशीच सांगा.

वास्कोकर: अप्रेंटिसशिपचे, म्हणजे कारखान्यात काम करत शिकण्याचे, कोणीच बोलत नाही. कायदा 1961 चा आहे. 30 किंवा जास्त कामगार असतील तिथे अप्रेंटिस घ्यावेच लागतात, स्टायपेंड (शिकतानाचे मानधन) द्यावा लागतो. शेवटी परीक्षा पास झाला की राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. त्यापुढे "अनुभव किती" विचारायची सोय राहत नाही. सत्तरीकर, शेडमागे फिरण्याआधी मोठ्या कारखान्यांत अर्ज करा.

शेडवाला, कुंडई: माझ्याकडे माणसे 11. मला सक्ती नाही.

वास्कोकर: सक्ती नाही, पण घेता येतात. केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिना 1500 रुपयांपर्यंत, सरकार भरते.

शेडवाला, कुंडई: पैशांचे सोडा, बिघडलेला जॉइंट गिऱ्हाइकाला मीच दाखवायचा ना? चाचणी घेईन, पण उभ्या जॉइंटची. आणि पास झाला तरी पहिले महिने गिऱ्हाइकाच्या कामावर होल्डर देणार नाही.

सत्तरीकर: गिऱ्हाइकाच्या कामावर नको. भंगारावर सरावाला रोज पाच रॉड देईन, असे लिहून देता का? देत असाल तर सोमवारी पहिल्या कदंबा बसने त्याला घेऊन येतो.