अर्ध्या दिवसात शिखर, जेवायला घरी: हे बरं की वाईट?

नेरूळचा_पहाटवेडा (धागाकर्ता):
२६ जानेवारीला जोडून सुट्टी आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग असा जप सुरू होतो. मग खालापूर टोलनाक्यावर गाडीत बसून भडंग खायचं. माझं म्हणणं असं की नवी मुंबईत राहणाऱ्याने सुट्टीच्या सकाळी जवळचं एक शिखर करावं आणि जेवायला घरी यावं. कर्नाळाच घ्या. पनवेलपासून दहा-बारा किलोमीटर, अभयारण्याचं गेट महामार्गाला लागून. तिथून सुळक्याच्या पायथ्यापर्यंत रमतगमत दीड तास, वाट बहुतेक झाडीतून. वर खडकात खोदलेली टाकी, समोर प्रबळगड, मागे माथेरानची भिंत. गेट उघडताच चढायला लागलात तर ऊन चढायच्या आत खाली.

दुसरं म्हणजे मुक्काम नाही. त्यामुळे तंबू नाही, शेकोटी नाही, रात्री दोन वाजता ब्लूटूथ स्पीकर नाही. डोंगराला याहून कमी छळणारा पाहुणा दाखवा.

अट एकच: दहा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं. शिखर दहा मिनिटांवर असलं तरी.

माचीवरचं_पान:
डोंगराला छळ कमी, मान्य. पण डोंगरावर माणसं राहतात, त्यांचं काय? प्रबळमाची म्हणजे प्रबळगड आणि कलावंतीण सुळका यांच्या खालचं, डोंगरावरचं गाव. तिथे गाडीरस्ता नाही. तांदूळ, तेल, तुम्ही पिता ती बाटली, सगळं पायथ्याच्या ठाकूरवाडीहून माणसांनी वर वाहिलेलं असतं. नाश्ता, जेवण, मुक्काम यावर तिथली कितीतरी घरं चालतात. अर्ध्या दिवसाचा पाहुणा पोळीभाजी घरून आणतो, अंगणातून जातो, पायरीवर फोटो काढतो आणि दहाच्या ठोक्याला पळतो. गावाला उरतो तो कचरा. होळीला माचीवरचे आदिवासी कलावंतिणीच्या माथ्यावर जाऊन नाचतात, हे त्या फोटोवाल्यांपैकी किती जणांच्या कानावर आलं असेल? मुक्काम वाईट नाही, स्पीकर वाईट आहे. ती गल्लत करू नका.

घोडबंदरवाली:
अर्धा दिवस हे नेरूळ-खारघरवाल्यांचे लाड आहेत हो! आम्ही ठाण्याची माणसं. आधी स्टेशनपर्यंत रिक्षा, मग पनवेल लोकलचा तासभर, मग एसटी नाहीतर टमटम. डोंगराला हात लागेपर्यंत तुमचा दहाचा ठोका पडलेला असतो. आमच्या जिल्ह्यातला एक उंच किल्ला म्हणजे माहुली, साधारण ८५० मीटर, आसनगावला उतरून जायचं. तो अर्ध्या दिवसात करून दाखवा आणि संध्याकाळी पायऱ्या उतरताना मला फोन करा.

शिरढोणचा_भाचा:
जाता जाता एक. कर्नाळा, प्रबळ आणि माहुली हे तिन्ही १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत होते. आणि कर्नाळ्याला जाताना शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म तिथला, १८४५ चा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. मी दोन्ही बाजूंचा नाही, पण तिथे पंधरा मिनिटं थांबायला कुठला ठोका आडवा येतो?

हिशेबी_बेलापूर:
भावना बाजूला ठेवा, वेळ मोजा. १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा दिला, तो आजही वापरतात: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि चढाईच्या दर ६०० मीटरला एक तास वर. हा थंड हवेतल्या काटक माणसाचा हिशेब. पनवेलच्या दमट हवेत, वर्षभर खुर्चीवर बसलेल्या गुडघ्यांसाठी, मी त्याची सरळ दीडपट करतो. पाणी प्यायचे थांबे वेगळे.

यात जे बसत नाही ते म्हणजे रांग. कलावंतिणीच्या पायऱ्या कातळात कोरलेल्या, बाजूला कठडा नाही, उतरणाऱ्याला वाट द्यायची तर चढणाऱ्याने भिंतीला चिकटून उभं राहायचं. जोडसुट्टीला तिथे मुंबई, ठाणे, पुणे तिन्ही शहरं एकाच वेळी हजर. अशा वेळी "दहाला परत" हा नियम कागदावर शहाणा आणि पायरीवर घातक, कारण उशीर झालेला माणूस घाई उतरताना करतो, आणि पाय घसरतो तो उतरतानाच. धागाकर्त्यांचा कर्नाळा चालेल. कलावंतीण जोडसुट्टीला नको, अर्धा दिवसही नको आणि पूर्णही नको.

पावसाळी_खारघर:
मग पावसाळ्यात या की! १५ ऑगस्टला ऊन नाही, सगळं हिरवंगार, ढग अंगावरून जातात. जानेवारीत काय, पिवळं गवत बघायचं?

माचीवरचं_पान:
पावसाळी, इर्शाळगड प्रबळच्या शेजारचाच. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिथे इर्शाळवाडीवर दरड आली आणि माणसं झोपेत गेली. तुमच्या खारघरला पांडवकडा धबधब्यावर पावसाळ्यात बंदी घालावी लागते ती पाण्यात माणसं वाहून जातात म्हणून. गवत पिवळं असलेलं बरं.

पावसाळी_खारघर:
घरात बसूनही माणसं मरतात.

हिशेबी_बेलापूर:
हा युक्तिवाद झाला की मी धागा सोडतो. सोडला.

साठीची_सानपाड्यातली:
मला विचाराल तर भांडण शिखरावरूनच आहे, दिवसावरून नाही. शिखर गाठायचंच हा हट्ट सोडा, अर्धा दिवस भरपूर होतो. माझे गुडघे ठाकूरवाडी ते माची एवढंच चालतात. नातवंडं आणि सूनबाई वर जातात, मी खाली झाडाखाली बसते. काही बिघडत नाही. सकाळी माचीवरून सुळका जेवढा दिसतो तेवढा सुळक्यावर उभं राहून दिसत नाही, पण हे तरुणांना सांगून उपयोग नाही.

कर्नाळ्याला जाणाऱ्यांसाठी मात्र एक सूचना. सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात. अत्तर, सिगारेट, आरडाओरडा यातलं काहीही वर नेऊ नका. प्रजासत्ताक दिनाच्या घोषणा खाली गेटवर द्या, महाराज रागावणार नाहीत. गेटवर पिशव्या तपासतात, प्लास्टिकवर अनामत घेतात, तिथेही हुज्जत नको.

नेरूळचा_पहाटवेडा:
काकू, सूचना सोन्याची. पण शिखराचा हट्ट सोडणार नाही. मुलाला मी "बघू जमलं तर" म्हणून नेलं तर तो अर्ध्या वाटेवर मोबाईल काढतो. "वर जायचंय" म्हटलं की चढतो. वर जायचा हट्ट आणि दहाला परत फिरण्याचा हट्ट, दोन्ही एकत्र शिकवता येतात, असं माझं मत आहे.

माचीवरचं_पान यांना: पोळीभाजी घरून आणण्याचा मुद्दा बरोबर लागला. पण मुक्काम कशाला? परत येताना माचीवर जेवलो तर पैसे तिथेच गेले ना? दीड वाजता खाली, तीनला घरी.

घोडबंदरवाली:
तीनला नेरूळला. आम्ही अजून तुर्भ्यालाच.

माचीवरचं_पान:
पहाटवेडा, माचीवर जेवून तीनला घरी म्हणजे तुमचा "जेवायला घरी" गेला की! चालेल मला. पण आदल्या दिवशी फोन करून किती पानं ते सांगा आणि तेवढेच या. बारा जण आयत्या वेळी अंगणात उभे राहिले की भात नव्याने टाकावा लागतो आणि त्याचं पाणी डोक्यावरून आणावं लागतं. आणि ठरलेल्या पैशांत घासाघीस करायची असेल तर पोळीभाजी बांधूनच या.